फडक्याचं शेपूट

धुरीकाकांची गाडी आंबोलीच्या घाटात बंद पडली ती माझ्यामुळे. हे वाक्य मी आजवर कागदावर लिहिलं नव्हतं, आणि तोंडाने म्हणायला मला इतकी वर्षं लागली की तोवर नुकसान गाडीचं राहिलं नव्हतं, माणसाचं झालं होतं. स्वतःला मोकळं करण्यासाठी मी हे लिहितोय असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही. पण मला खरं तर धुरीकाकांविषयी लिहायचं आहे. आमच्या वाडीत मधल्या वर्षांत जे नवे लोक आले त्यांनी धुऱ्यांच्या पायरीवर गप्प बसलेले एक म्हातारे गृहस्थ पाहिले. कुणी हाक मारली तर दचकायचे, विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. ते धुरीकाका नव्हेत. धुरीकाका वेगळे होते.

गजानन धुरी यांचा मालवणच्या बाजारात फोटो स्टुडिओ होता. घर मात्र धामापूरच्या अलीकडे, आमच्या वाडीत, आमच्या कुंपणाला लागून. मी कुडाळच्या एका कचेरीत कारकून. संध्याकाळी घरी आलो की चहाचा कप घेऊन कुंपणातल्या वाटेने त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, जायचो. उंच माणूस, कंबरेत किंचित वाकलेला, जन्मभर कॅमेऱ्यामागे उभं राहिल्यामुळे असेल. समोरच्याकडे बघताना एक डोळा आपोआप मिटायचा. शर्टाच्या खिशात पिवळ्या फ्लॅनेलचा हातभर फडका. काच पुसायचा तो फडका दुसऱ्या कुणी हातात घेतलेला त्यांना खपायचा नाही. "ह्यो फडको आणि बायल, दुसऱ्याक देवची नाय," असं ते म्हणायचे, आणि आतून काकींचा आवाज यायचा, "बायल कोण नेतलो? फडको तरी कोणीतरी नेयत."

त्यांची एक सवय होती. बोलता बोलता ते मध्येच म्हणायचे, "हनवटी खाली." तुम्ही त्यांना दुःख सांगत असा नाहीतर भाव विचारत असा, तुमची हनवटी वर गेली की ते सांगणार. एकदा कुडाळच्या नाक्यावर हवालदाराने त्यांची गाडी अडवली आणि कागद मागितले. काकांनी एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, हनवटी जरा खाली." हवालदाराने मुकाट्याने घेतली. "आता बरे दिसतास," म्हणून काकांनी कागद दिले. हवालदार हसत सुटला. कागद त्याने पाहिलेच नाहीत.

आणि त्यांची आठवण. मालवण तालुक्यात त्यांनी ज्यांची लग्नं टिपली त्या सगळ्यांचे चेहरे त्यांच्या डोक्यात होते. मासळीबाजारात ते एखाद्या म्हाताऱ्या मासेवालीसमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "अगो, तुझ्या लग्नात तुझ्या घोवाचो फेटो सुटलेलो आणि तुया हसलंस. सासू तुझी रागान लाल."

ती कोयता खाली ठेवायची. "मेल्यानू, ता तुमका अजून आठवता?"

"फोटोत नाय ता. फोटोत तुया रडतंस. हसलंस ता मी बगलंय."

मग बांगडे दोन जास्त पडायचे. मी एकदा म्हटलं, काका, हे डोकं कसं ठेवता? ते म्हणाले, "चेहरो इसारलो तर फोटोग्राफर कसलो?" आणि जरा थांबून, हळू आवाजात, "माझी आवस शेवटी माकाच इचारी, तू कोणाचो रे? मी म्हणा, तुझोच गे. हात गेले, पाय गेले तरी चलात. ह्या जावचा नाय." आईविषयी बोलताना बोट कपाळाला लावलेलं. त्यांना दुसऱ्या कशाची भीती वाटलेली मी पाहिली नाही. ही मात्र होती, आणि ती मला ठाऊक होती. माझा गुन्हा मोजताना हे धरायला हवं.

गाडी म्हणजे कॉन्टेसा. लांबच लांब नाक, रुंद बसकी पाठ, पांढरा रंग. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने ती काढून टाकली तेव्हा काकांनी घेतली. आधीच्या मालकाने मूळ इंजिन काढून त्यात एक लहान डिझेल इंजिन बसवलेलं होतं. दिसायला रेडा, दमाला शेळी. पण लग्नाच्या गाडीला दिसणंच लागतं. काका फोटोही काढायचे आणि नवरीला नेऊनही सोडायचे. अबोलीचे वळेसर, लांब गजरे, नाकावरून सोडलेली ती गाडी वाडीतून निघाली की बायका कुंपणापर्यंत यायच्या. "माझ्या गाडयेतसून गेलेला चेडू माघारी इला नाय," हा काकांचा दावा होता. त्याला एक अपवाद होता, पण त्याचा दोष ते नवऱ्याच्या हनवटीला द्यायचे.

सपाटीवर सगळं ठीक. घाटात मात्र तिचा ऊर धपापायचा. एकदा आजऱ्याकडे दिलेल्या एका मुलीला नेताना आंबोलीच्या चढावर गाडी थांबली, आणि शालू नेसलेली नवरी, नवरा, करवली, सगळ्यांना उतरून चालावं लागलं. मागून ट्रकवाला ओरडला, "ओ काका, नवरेक धक्को मारूक लावा, लग्नाचो पयलो संस्कार!" ही गोष्ट काका यायच्या आधी मालवणात येऊन पोचली होती. वर्षभर बाजारात त्यांना कुणी ना कुणी विचारायचं, "धुरीनू, गाडी येता की आमी येतंव ढकलूक?" काका सगळ्यांबरोबर हसायचे. पण त्यांची मुलगी रश्मी हिचं लग्न त्याच बाजूला, आजऱ्याला, ठरलं तेव्हा ते हसायचे थांबले. "माझा चेडू त्या घाटात उतरूचा नाय," ते म्हणाले.

त्या दिवसांत ते मोबाइलवर अमेरिकेतल्या माणसांचे व्हिडिओ बघायचे. जाडजूड माणसं आपल्या घराच्या मांगरात, म्हणजे बाजूच्या खोपटात, जुन्या दांडग्या गाड्यांना टर्बो बसवतात, ते तासन्‌तास चालायचं. काकांना त्यातलं बोलणं अर्धं कळायचं, हात मात्र पूर्ण कळायचे. एका संध्याकाळी त्यांनी मला समोर बसवलं आणि सांगितलं की कॉन्टेसाला टर्बो बसवायचा, घरीच.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"चुलीक फुंकणी मारतत ना? तीच. धूर जाता तो फुकट जाता. त्या धुरावर एक पंखो फिरवचो, आणि त्या पंख्यान इंजिनात हवा कोंबूची. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त जोर."

"घरातलो मिक्सर बंद पडलो हा," आतून काकी म्हणाल्या, "तो बगूक वेळ नाय. गाडयेक फुंकणी लावतत!"

त्या दिवसापासून वाडीत त्या यंत्राचं नाव फुंकणी पडलं.

कोईमतूरहून खोका आला. टर्बो, त्याचे पाइप, रबरी नळ्या, कड्या. इंजिनाशी जोडायची जाड पट्टी मात्र आमच्या इंजिनाला बसेना. ती कुडाळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लेथवाल्याकडून करून घेतली, तीन वेळा चुकली, आणि दर वेळी काका आपलं चुकलं असताना लेथवाल्याशी भांडून आले. त्यांना सगळं येत होतं अशातला भाग नाही. तेलाची नळी त्यांनी पहिल्यांदा चढती बसवली. टर्बोतलं तेल खाली वाहून जायला हवं, ते वर कसं जाणार? दोन दिवस ते धूर बघत बसले, मग कपाळावर हात मारला आणि मला म्हणाले, "तू कित्याक बगीत रवलंस? तुझी हनवटी वर होती म्हणान." पुन्हा सगळं उकललं.

पण त्यांच्या कामाला एक शिस्त होती. काढलेला प्रत्येक बोल्ट करवंटीत. ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने करवंट्या मांगराच्या कडेने मांडलेल्या, कोंबडी आली तर काकी हाकलायच्या. आणि दुसरी गोष्ट कुंभारणींची. आमच्याकडे उघडं भोक दिसलं की कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. नळाची तोटी, कुलपाचं भोक, सायकलचा दांडा, तिला काहीही चालतं. इंजिनाचा पाइप तर तिला बंगलाच. म्हणून काम थांबलं की प्रत्येक उघड्या तोंडाला फडका लावायचा, आणि काकांचा नियम होता: फडक्याचं शेपूट बाहेर लोंबलं पाहिजे, चांगलं वीतभर. "आत काय आसा ता डोळ्यान दिसूक होया. डोक्यावर भरवसो ठेवचो नाय." ज्यांचं डोकं अख्खा तालुका साठवून होतं ते हे म्हणायचे. म्हणूनच मला त्यांचं कौतुक वाटायचं.

टर्बो पहिल्यांदा चालू करायच्या आधी त्यात तेल घालावं लागतं, नाहीतर तो कोरडाच फिरून जळतो. काका वाटीत तेल घेऊन बसले आणि बोटाने थेंब थेंब सोडायला लागले. काकी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोराची टाळू भरतत तशी भरतत बगा. रश्मीची एकदा तरी भरल्यानी?" मग वाडीतल्या थोरल्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. या गाडीला, चालवणाऱ्याला, बसणाऱ्याला सुखरूप ने-आण कर, कुणाचा हात आडवा येत असेल तर तो आवर. आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणालो.

गाडी सुरू झाली. धामापूरच्या तळ्याकडचा चढ आहे, तिथे नेली. काकांनी पाय दाबला तशी इंजिनातून एक बारीक शीळ आली, वाढत गेली, आणि ते पांढरं धूड चढावर असं उचललं गेलं की मी मागे टेकलो. वर जाऊन काकांनी गाडी थांबवली, खाली उतरले, नाकाभोवती एक फेरी मारली. मग खिशातला पिवळा फडका काढून काच पुसली. काच स्वच्छच होती. "आता येव दे तो ट्रकवालो," एवढंच म्हणाले.

पुढचे काही आठवडे ती गाडी शीळ घालत फिरली. बाजारात कुणी ढकलायचं विचारेना.

आता माझ्याकडे येतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी, हळदीच्या गडबडीत, काकांनी हवेचा फिल्टर काढून धुतला आणि सावलीत वाळत ठेवला. उघड्या पाइपला लावायला जवळ काही नव्हतं म्हणून स्वतःच्या खिशातला पिवळा फडका लावला. शेपूट बाहेर. दुपारी मी मांगरातल्या खुर्च्या न्यायला गेलो. बॉनेट उघडं होतं. एक कुंभारीण तोंडात मातीची गोळी घेऊन पाइपभोवती घिरट्या घालत होती, आणि फडका सुटून अर्धा बाहेर आला होता. मी अंगठ्याने तो आत दाबला. तो पुन्हा सुटला. मला बाहेरून हाका येत होत्या. मी फडका गोळा करून, शेपटासकट, पार आत ढकलला, जिथून तो पडणार नाही. कुंभारीण निघून गेली. मी खुर्च्या उचलल्या. आपण कुणाला न सांगता एक काम करून टाकलं याचं मला बरंही वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नवा सदरा घालून, उपरणं खांद्यावर मागे टाकून काका बॉनेटवर वाकलेले मी मांडवातून पाहिले. त्यांनी पाइपाकडे पाहिलं. तोंडाभोवती बोट फिरवलं. शेपूट शोधत होते. शेपूट नव्हतं. म्हणजे फडका काढलेला आहे. त्यांनी फिल्टर बसवला आणि कडी आवळली. त्यांचा नियम बरोबर होता. त्यांचे डोळे बरोबर होते. मी पानसुपारीची तबकं घेऊन उभा होतो आणि मला काहीही आठवलं नाही.

जेवणं झाल्यावर वरात निघाली. मागे रश्मी आणि जावई, पुढे काका आणि त्यांच्या शेजारी मी. सावंतवाडीपर्यंत ते दोनदा म्हणाले, "आज जरा जड वाटता." मग स्वतःच म्हणाले, "चेडवाचा सामान आसा ना." घाटाच्या अर्ध्यावर, जिथे खरा चढ लागतो तिथे, त्यांनी पाय दाबला. शीळ आली. मग शिळेची किंकाळी झाली, काहीतरी आत तडतडलं, आणि मागे काळा धूर, मग पांढरा. काकांनी चावी बंद केली तरी इंजिन थांबेना. टर्बो फुटून त्याचं तेल आत ओढलं जात होतं आणि इंजिन आपल्याच तेलावर पिसाटासारखं धावत होतं. काका ओरडले, "उतरा! सगळी उतरा!" रश्मी शालू सावरत उतरली. मग एक हिसका बसला आणि सगळं एकदम गप्प झालं.

मागे मुलाकडच्यांची जीप होती. रश्मी तिच्यात बसून गेली. जाताना ती काकांच्या गळ्यात पडली तेव्हा त्यांचे हात काळे होते, म्हणून त्यांनी ते तिच्या पाठीपासून दूर, हवेत धरले होते. त्यांच्या मुलीच्या पाठवणीचा एकही फोटो नाही. कॅमेरा गाडीत होता. कुणाला सुचलं नाही.

मुलाकडचा एक ड्रायव्हर आमच्याबरोबर थांबला होता. त्याने पाइप सोडवला. आतून पिवळ्या चिंध्या निघाल्या. काकांनी त्या हातात घेतल्या, आणि त्यांचा दुसरा हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

मला तेव्हा आठवलं. सगळं, माझ्या अंगठ्यासकट.

"माझोच फडको," काका म्हणाले.

"लग्नाची गडबड, काका," ड्रायव्हर म्हणाला. "आणि आता वयही झालं. विसरायला होतं माणसाला."

"पण मी बगलंय," काका म्हणाले. "शेपूट नव्हता. मी बोट फिरवून बगलंय." ते माझ्याकडे वळले. "दिगू, मी बगलंय ना रे?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. हो, तुम्ही बघितलंत, मी आत ढकलला. एवढंच. मी म्हणालो, "चला काका, आधी टोइंगवाल्याक फोन करूया."

का गप्प राहिलो? घाटात वाटलं, आता नको, आता त्यांचा जीव ठिकाणावर नाही. मग वाटलं, मुलगी माहेरी येऊन जाऊ दे. मग पावसाळा लागला. नंतर कुणी तरी माझ्यासमोरच त्यांना म्हणालं, "दिगू होतो म्हणान बरा," आणि काकांनी मान हलवली. त्या मान हलवण्यानंतर सांगणं मला जमेना. हे कारण नाही हे मला कळतं. आपल्या चुकीवर एखादा माणूस स्वतः जाऊन बसला की त्याला उठवायची हिंमत होत नाही. सरळ सांगायचं तर मला सुटका झाल्यासारखं वाटलं होतं.

काकांनी करवंट्या चुलीत घातल्या. गाडीवर ताडपत्री पडली. त्यांनी स्टुडिओ आवरला तेव्हा लोकांना वाटलं, मोबाइलमुळे धंदा गेला. धंदा खरंच कमी झाला होता, पण त्यांनी तो सोडला दुसऱ्याच कारणाने. एकदा मासळीबाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. तीच मासेवाली हसून म्हणाली, "काय फोटोवाल्यानू, माझो फेटो सांगा बगू." काका गोंधळले. त्यांना आठवत होतं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण आठवतंय ते खरं का, याची त्यांना खात्री उरली नव्हती. "दुसऱ्या कोणाचो आसात तो," असं पुटपुटून ते पुढे गेले. त्या दिवशी बांगडे मोजून मिळाले.

घरातून निघताना ते कुलूप लावायचे, चार पावलं जायचे, परत येऊन ओढून बघायचे. काकी त्यांच्या मागून गॅस तपासायच्या, त्यांना दिसणार नाही अशा बेताने. त्यांना ते दिसायचं. हनवटी खाली घ्यायला त्यांनी कुणाला सांगितलं नाही त्यानंतर. हे सगळं मी कुंपणातल्या वाटेने रोज जाऊन, चहा पीत, पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "माका गोव्याक ने. डोक्याच्या डॉक्टराकडे. आवशीचा सुरू झाला तसा माझा झाला हा. काकीक सांग गुडघो दाखवूचो आसा."

मी नेलं. डॉक्टरने त्यांना बरंच काही विचारलं, चित्रं दाखवली, शब्द सांगून मग परत विचारले, कागदावर घड्याळ काढायला लावलं. काकांनी घड्याळ काढलं ते सावलीसकट. डॉक्टर म्हणाला, "यांना काहीही झालेलं नाही. या वयाला एवढी स्मरणशक्ती मी क्वचित पाहतो. तुम्ही कशासाठी आलात?"

काकांनी मान डोलावली, नमस्कार केला, बाहेर आले. परतताना गाडीत, बांदा मागे पडल्यावर, ते म्हणाले, "बरो माणूस. पण तेका काय म्हायत? तेना फडको खंय बगलो हा?"

तेव्हा मला कळलं की जगातला कुठलाही डॉक्टर त्यांना बरं करू शकणार नाही, आणि ते करू शकणारा माणूस त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवतो आहे.

तरीही रस्त्यात मी बोललो नाही. घरी पोचलो. ऊन अजून खळ्यात होतं, काकी मागच्या दारी भांडी घासत होत्या. काका पायरीवर बसून चपलेचा पट्टा सोडायला लागले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. कुंभारीण, सुटलेला फडका, अंगठा.

त्यांनी सोडवलेली चप्पल हातात घेतली.

"शेपटासकट?" त्यांनी विचारलं.

"होय."

"पार आत?"

"पार आत. भायर काय्येक रवला नाय."

त्यांचे ओठ हलले. मग ते उठले, एक चप्पल पायात आणि एक हातात, आणि घराकडे तोंड करून एवढ्या मोठ्याने ओरडले की कोंबड्या उडाल्या. "अगो! आयकलंस? शेपूट नव्हताच! माका दिसला नाय, कारण ता नव्हताच! मी इसारलंय नाय गो!"

काकी साबणाच्या हातांनी धावत आल्या. काका हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मलाही हसू यायला लागलं होतं. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांचं हसू गेलं.

"गाडी मोडलंस ता सोड," ते म्हणाले. आवाज अगदी खाली. "लोखंड ता. पण रश्मीचो झील, माझो नातू, लहान होतो, दर सुट्टयेक येय. आजा, तळ्यार चल म्हणा. मी एकदाव नेलंय नाय तेका. भियालंय. वाटेत खंयतरी ठेवन येयन आणि घराक येवन आठवात, म्हणान भियालंय. आता तो मोठो झालो. आता तो इचारणा नाय."

मी त्यांच्या पायाशी वाकलो.

"काका, माका..."

"माका नको सांगू." त्यांनी हात वर केला. एक डोळा मिटला होता. माझ्याकडे ते नीट बघत होते, मला पहिल्यांदाच बघावं तसे. "माझ्या मागना गॅस तिना बगल्यान. माझी आवस आठवून ती रडली, मी झोपलंय म्हणान समजून. जा थंय. तिका सांग. तिच्या तोंडाकडे बगून सांग."

काकी पायरीच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या हातांवरून फेस खाली गळत होता. त्यांनी ते पुसले नाहीत, माझ्यावरून नजरही काढली नाही. मी दोन पावलं पुढे गेलो.

"काकी," मी म्हणालो, "तो फडको काकांनी इसारल्यानी नाय. तो मी आत ढकललंय. काकांनी बोट फिरवून बगल्यानी, ता मी माझ्या डोळ्यांनी बगलंय. तेंचा काय्येक चुकला नाय, तेवाय नाय आणि नंतर पण नाय. घाटात तेंनी माका इचारल्यानी, आणि माका म्हायत आसताना मी गप रवलंय. मगे रोज तुमच्याकडे चाय पिलंय आणि रोज गप रवलंय. माझा चुकला, काकी. माका माफ करा."